द्विवचन

तार मीच बांधली. ताशी साडेसात युरो,
हातमोजे सरकारचे, पक्कड माझी स्वतःची.
नदीला अलीकडे कोल्पा म्हणतात, पलीकडे कुपा,
पाण्याला हे कुणी अजून कळवलेलं नाही.
माझी थोरली बहीण पलीकडे दिलेली.
उन्हाळ्यात कपडे डोक्यावर धरून
नदीतून चालत यायची जेवायला.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा भरली,
राजधानीतून आलेल्या माणसाने नकाशा टांगला.
नकाशात आमचं गाव नव्हतं, बाण होते,
दक्षिणेकडून येणारे, लाल, जाडजूड.
सिल्वो म्हणाला, काठाला पाती लावल्यावर
माझ्या होड्या भाड्याने कोण नेणार?
एकजण म्हणाला, माझी पोर रात्रपाळीहून एकटी येते.
त्यावर कुणी हसलं नाही. मीही नाही.
फिक्रेत मागच्या बाकावर गप्प.
देश नवा झाला तेव्हा सरकारी वहीतून
त्याचं नाव पुसलं गेलं होतं,
तो मात्र इथेच होता, कारखान्यात, दुसऱ्या पाळीला.

मग ब्रेदाबाई उठल्या.
अर्ध्या हॉलला त्यांनीच लिहायला शिकवलेलं.
"आपण मोजून वीस लाख," त्या म्हणाल्या.
"डोंगर काय, सगळ्यांकडे असतात.
आपल्याकडे द्विवचन आहे.
इतर भाषा 'मी'वरून थेट 'आम्ही'वर उडी मारतात,
आपण मध्ये दोघांसाठी थांबतो.
साम्राज्यं आली, गेली,
तो शब्द आपण स्वयंपाकघरात जपला.
उद्या तो बोलणार कोण?"
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
अजून वाटतं, त्यात खोटं काही नव्हतं.

कुंपण शेत खातं म्हणतात.
आमच्याने सुरुवात हरणांपासून केली.

फेब्रुवारीत वाळुंजाच्या मुळांत माणूस अडकलेला दिसला.
पंचविशीचा असेल. पायांत दोन वेगळे बूट.
खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी,
अक्षरं आमची, पण हात उजवीकडून लिहिणारा,
प्रत्येक अक्षर मागे रेललेलं.
पाणी. कृपया. धन्यवाद.
आणि खाली एक पूर्ण वाक्य:
मिद्वा स्वा लाचना.
"भूक लागली म्हणतोय," पोलीस म्हणाला, वही मिटत.

बाई सकाळच्या फिरायला निघालेल्या.
चष्मा पुसून त्यांनी वाचलं, ओठ हलवत,
जशा आमच्या वह्या वाचायच्या.
"शुद्ध आहे," म्हणाल्या. "चौथीची पोरं इथे चुकतात."
मग जीपच्या बॉनेटला हात टेकून उभ्या राहिल्या.
"पोल्दे, द्विवचन आहे हे.
हे दोघं होते."

सायरन वाजला.
तारेसाठी हात वर केलेले, न केलेले,
सगळे टॉर्च घेऊन काठाने.
सिल्वोने होड्या काढल्या, भाड्याचा विषय नाही.
पलीकडून बहिणीच्या गावचे दिवे हलत होते.
हाक काय मारणार, नाव ठाऊक नाही.
फिक्रेत नुसता "भावा" म्हणून ओरडत राहिला,
बोस्नियात म्हणतात तसं.
तिसऱ्या रात्री बर्फ पडला.

चर्चच्या मागे पुरलं. पाटीवरचा मजकूर बाईंचा:
'इथे विसावले आहेत', आणि क्रियापद द्विवचनी.
पाद्री म्हणाला, बाई, आत एकच आहे.
"व्याकरण मला शिकवू नका."

नंतर सरकार बदललं, तार काढायचं ठरलं.
सभेत बाई विरोधात बोलल्या, आधीइतक्याच ठाम.
काढायचं काम मलाच मिळालं, ताशी नऊ युरो.
एके ठिकाणी तार झाडाच्या सालीत गेलेली,
ती तशीच सोडली, झाड मेलं असतं.

बहीण हल्ली पुलावरून येते, लांबच्या.
म्हटलं, आता मोकळं झालंय.
म्हणाली, हो, पण सवय मोडली.